पाच म्हणजे पाच

३ जून १९६३, सोमवार

आजपासून मराठीत लिहिणार. इंग्रजीत लिहिलं की आमचा धाकटा भाऊ व्यंकोजी चोरून वाचतो आणि जेवताना त्यातली वाक्यं मलाच ऐकवतो. देवनागरी वाचायचा त्याला कंटाळा आहे. आळसाचा एवढा तरी उपयोग.

लिहायचं कारण, मला पुन्हा काम मिळालं आहे. सचिवालयातला टायपिंग विभाग मी सांभाळला, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला हार, नारळ आणि एक पितळी फुलदाणी देऊन घरी पाठवलं. फुलदाणी गळते. तेव्हापासून बंगळूरच्या गवीपुरातल्या या घरात मी आणि व्यंकोजी एकमेकांच्या कॉफीतले दोष काढत बसलो होतो.

काल भगवंतराव इंगळे आला. आमच्या वडिलांच्या, आबांच्या, मित्राचा मुलगा, आता म्हैसूर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. म्हणाला, "अक्का, पंपाचं दुरुस्तीपुस्तक करायचंय. टायपिंगच्या मुली आहेत, पण शिस्त लावणारं कुणी नाही."

व्यंकोजी म्हणाला, "घेऊन जा. इथं शिस्त लावायला आता मी एकटाच उरलोय."

६ जून, गुरुवार

भगवंतरावाची पद्धत हुशारीची आहे, हे मला मान्य करावं लागेल. तो मजकूर सुट्या कागदांवर लिहितो आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला लाल पेन्सिलीनं आकडा घालतो. एक म्हणजे मुख्य काम, उदाहरणार्थ 'पंप उघडणे'. दोन म्हणजे त्या कामातली पायरी. तीन म्हणजे पायरीच्या पोटातली पायरी. टाइप करणाऱ्या मुलीला पंपातलं काही कळलं नाही तरी चालतं. आकडा पाहायचा आणि ओळ तितकी आत घ्यायची. एका पायरीला किती आत घ्यायचं, ते भिंतीवरच्या एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. याच कागदांतून दोन पुस्तकं निघायची आहेत: कारखान्यासाठी मोठं, आणि गावोगावच्या फिटरांसाठी खिशात मावेल असं लहान.

चिठ्ठी कोरी होती. मी तिच्यावर लिहिलं: पाच स्पेस.

"पाचच का?" भगवंतरावानं विचारलं.

"कारण पाच." कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनं आम्हाला पाचच शिकवले. तीन घेतले तर चूक झाल्यासारखं दिसतं आणि आठ घेतले तर उधळपट्टी.

दुसरा नियमही सिस्टरचाच. कुणी दुसरीच्या मशीनवर बसायचं नाही. आपण दुसरीचा कंगवा वापरत नाही, तसंच. मशीन हाताला वळण लावतं आणि हात मशीनला. मी आजवर हा नियम मोडलेला नाही, मोडू दिलेला नाही.

मुली तीन. दोघी बऱ्या आहेत. तिसरी बेळगावकडची, खानापूरची. नाव यल्लव्वा. हुबळीला टायपिंगची परीक्षा पास झाली आहे, म्हणे. अजून कच्च्या नोकरीवर आहे. मराठी बोलते, पण कसली! "बाई, मी आलो. मी बसलो. मी जेवलो." मी म्हटलं, "मुली, तू मुलगा आहेस का?" तर तोंडाला पदर लावून हसली. "आमच्याकडं असंच म्हणतात की, बाई."

तिला मशीनही सगळ्यांत देखणं मिळालं आहे. जर्मनीहून कारखान्याची यंत्रं आली, त्यांच्या खोक्यांबरोबर आलेलं, करड्या रंगाचं. वाया.

११ जून, मंगळवार

आज तिघींची पानं समोरासमोर ठेवली. दोघींची मी टाइप करून दिलेल्या नमुन्याच्या पानाशी तंतोतंत जुळतात. यल्लव्वाचं एकही पान जुळत नाही. पहिल्या पायरीला केसभर मागे, दुसरीला त्याहून मागे, तिसरीला तर सरळ दिसतं की ओळ जिथे यायला हवी तिथे ती पोचलेलीच नाही. शिवाय तिची अक्षरं एकमेकींना खेटून असतात, खानापूरच्या बसमध्ये बसल्यासारखी. हा सगळा बोटांचा दोष. घाईनं बडवलं की अक्षरं खेटतात. बेशिस्त हात मी दुरून ओळखते.

"किती स्पेस घेतलेस?"

"पाच, बाई."

"हे पाच आहेत?"

"मी पाचच मोजलो, बाई."

"पाच म्हणजे पाच. बंगळुरात पाच, खानापुरात पाच, विलायतेत पाच."

बाकीच्या दोघी हसल्या. तीही हसली, पण जरा उशिरा.

१४ जून, शुक्रवार

पुन्हा तेच. तिला दिवसभर मोठ्यानं मोजायला लावलं. "एक, दोन, तीन, चार, पाच." सगळी खोली ऐकत होती. मी मशीनपासून हातभर लांब उभी राहून मोजत होते. पाचच मोजले गेले. पान काढलं, नमुन्याशेजारी धरलं, नाही जुळत.

तर कार्टी मला काय म्हणते? "बाई, माझ्या ओळीत सगळ्यांपेक्षा एक-दोन शब्द जास्ती मावतात. तसं का असंल?"

मी म्हटलं, "कारण तू समास चोरतेस."

व्यंकोजीला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, स्वल्प सबूर. लहान पोरगी आहे."

"लहान? त्या वयात मी चार जणींचं काम तपासत होते."

"आणि त्या चौघी अजून तुला घाबरून रस्ता बदलतात. परवा चामराजपेटेत एक मला विचारत होती, अक्का घरी आहेत का? मी आहेत म्हटलं, तर आलीच नाही."

कॉफी मी अर्धी टाकून उठले.

२२ जून, शनिवार

आज यल्लव्वा जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. डबा हातात, उघडलेला नव्हता. विचारलं, "बाई, माझी नोकरी पक्की होईल न्हवं?"

मी म्हटलं, ते तुझ्या बोटांना विचार.

मग थांबून थांबून सांगितलं. चिकपेटेत मावशीकडे राहते. नोकरी पक्की झाली तर मावशी ठेवून घेणार. नाही झाली तर खानापूरला परत, आणि तिथे मामाशी लग्न ठरलेलं. तिकडे ती रीतच आहे, आमच्याही जुन्या घरांत होती. मामानं सांगितलंय, पोरीची नोकरी पक्की झाली तर मी आड येणार नाही, नाही झाली तर वाट का पाहायची?

"मामा वाईट आहे का?"

"न्हाई हो, बाई. मामा लई चांगले. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रंला न्यायचे." मग डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "पण मामा हायत की."

मी म्हटलं, "मग पाच मोजायला शीक."

हे कठोर होतं असं आता वाटतं. पण खरं तेच होतं. दया करून कुणाची ओळ सरळ होत नाही.

२७ जून, गुरुवार

भगवंतरावाशी वाजलं. घरी मी त्याला अरे म्हणते, कारखान्यात अहो. आज कारखान्यात अरे निघालं.

लहान पुस्तकाचं पहिलं पान त्यानं माझ्यासमोर ठेवलं. पान वहीच्या निम्मं. पाचाच्या हिशोबानं तिसऱ्या-चौथ्या पायरीला गेलं की उजवीकडे जेमतेम तीन शब्दांची जागा उरते. 'झडप उघडण्यापूर्वी इंजिन बंद करा' एवढं वाक्य शिडीसारखं खाली उतरत जातं.

"अक्का, लहान पुस्तकाला तीन करा. चिठ्ठीवर आकडा बदलला की झालं. त्यासाठीच तर ती चिठ्ठी आहे."

"एकाच पुस्तकाची दोन रूपं आणि दोन्हीला वेगळं माप?"

"हो! मोठ्या माणसाला मोठा सदरा, लहानाला लहान."

"पाच हे माप आहे, सदरा नाही."

"अक्का, तो आकडा आहे. धर्म नाही."

मी म्हटलं, "अरे, आकड्याला धर्म नसतो म्हणून तर जग असं वाकडंतिकडं चाललंय." तो कपाळाला हात लावून गेला. मोठं पुस्तक पुरं होईपर्यंत लहान थांबवलं आहे. मी हरले नाही, तोही नाही.

यल्लव्वा आता स्पेस मोजताना डाव्या हाताची बोटं टेबलाखाली मिटते. मी पाहिलं. पाहिल्याचं दाखवलं नाही.

२ जुलै, मंगळवार

संताप.

आज तिचं पान पहिल्यांदाच बरं दिसलं. नमुन्याशेजारी धरलं तर जवळजवळ जुळत होतं. मला बरं वाटलं, खोटं का लिहू. तोंडावर शाबासकीही आली होती. पण तपासणी म्हणजे तपासणी. पेन्सिलीचं टोक ठेवून स्पेस मोजले. पहिल्या पायरीला सहा! दुसरीला त्यापुढे पाच! तिसरीला पुन्हा सहा!

"हे काय?"

तिनं भिंतीकडे पाहिलं.

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"पाच, बाई."

"मग हे सहा, पाच, सहा कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तुमचा नमुना खिडकीच्या काचेवर लावलो, त्याच्यावर माझं पान धरलो, आन् जिथं तुमची ओळ दिसली तिथं माझी घेतलो. मला... मला मोजायला येत न्हाई, बाई. मी मोजलो की चुकतंय. म्हणून मोजायचंच सोडलो."

पान दिसायला बरं होतं, हे मी कबूल करते. पण ही फसवणूक आहे. नियम पाळता येत नाही म्हणून निकालाची नक्कल करायची! उद्या नमुना नसेल तेव्हा काय करणार? सिस्टर ॲग्नेसनं अशा मुलीला व्हरांड्यात उभं केलं असतं.

५ जुलै, शुक्रवार

भगवंतरावानं यल्लव्वाबद्दल माझं मत लेखी मागितलं. मालक मल्हाररावांकडे ते जाईल आणि त्यावर तिची नोकरी ठरेल. मी लिहिलं: मेहनती आहे, वक्तशीर आहे, स्वभावानं सालस आहे, परंतु साध्या सूचना अचूक पाळण्याची क्षमता नाही, आणि ती झाकण्याकडे कल आहे.

एकेक शब्द तोलून लिहिला. त्यात द्वेष नाही. तरी लिफाफा चिकटवताना गोंद दोनदा लावावा लागला.

रात्रीच्या जेवणाला व्यंकोजीनं विचारलं, "आज त्या खानापूरकरणीबद्दल काही बोलली नाहीस?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. रोज बोलतेस म्हणून."

मी रोज बोलते? नाही.

९ जुलै, मंगळवार

ती गेली. काल मल्हाररावांच्या सहीचं पत्र तिला मिळालं. जाताना माझ्या पाया पडली. मला हा प्रकार आवडत नाही, मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही लई प्रयत्न केलासा. माझ्याच डोक्यात पाच बसत न्हाईत."

तिचं मशीन तिनं पुसून, कापड घालून ठेवलं. तिच्या वाटणीची पानं उरली आहेत, ती बाकीच्या दोघींत वाटली. दोघीही आज माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

१२ जुलै, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं. क्रमानं.

सकाळी माझ्या मशीनचा कॅरेज ओढणारा पट्टा तुटला. दुरुस्तीवाला उद्या येईन म्हणाला. पानं आजच हवी होती. रिकामं मशीन एकच, यल्लव्वाचं. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. दुसरीचा कंगवा. मग बसले.

कळा हलक्या आहेत. कागद घातला, पाच स्पेस, पहिली पायरी. पाच आणखी, दुसरी. पाच आणखी, तिसरी. पान काढून नमुन्याशेजारी ठेवलं.

जुळेना.

पहिल्यांदा मला वाटलं, मी चुकले. दुसरं पान घातलं, ओठांनी मोजलं. जुळेना. तिसऱ्या वेळी मोठ्यानं मोजलं. बाकीच्या दोघींनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. केसभर मागे, मग त्याहून मागे, मग पोचलीच नाही. आणि अक्षरं खेटलेली. माझी अक्षरं! ज्या हातांनी मी मंत्र्यांची पत्रं टाइप केली त्यांची.

मनात आलं, गेली बोटं. वय झालं. आता मला पाच मोजता येत नाहीत. डावा हात टेबलाखाली होता आणि मी बोटं मिटून मोजत होते.

ते ध्यानात आलं तेव्हा मी थांबले.

कपाटातून फूटपट्टी काढली. या मशीनवर पन्नास वेळा एकच अक्षर मारलं, ओळभर. मग शेजारच्या मुलीला म्हटलं, "ऊठ जरा." तीही दचकली. तिच्या मशीनवर बसून तेच केलं. दोन्ही ओळी एकाखाली एक धरल्या. अक्षरं सारख्याच आकाराची, पण जर्मन मशीनची ओळ जवळजवळ बोटभर आधीच संपते. त्याची स्पेसच अरुंद आहे. त्यांच्या देशात माप वेगळं असेल. त्या मशीनवर कुणीही बसलं, सिस्टर ॲग्नेस बसली असती, तरी पाच पाचाइतके येणार नाहीत.

ओळीत शब्द जास्त मावतात, तसं का असंल, असं तिनं विचारलं होतं. मी तिला चोर म्हटलं.

आणि ते सहा-पाच-सहा. आज पट्टीनं मोजून पाहिलं. त्या मशीनवर माझ्या नमुन्याला सर्वांत जवळ जाणारी ओळ हवी असेल, तर सहा-पाच-सहाच घ्यावे लागतात. दुसरा मार्गच नाही.

१३ जुलै, शनिवार

सकाळी दुरुस्तीवाला पट्टा घालून गेला. मी दोन्ही ओळी आणि फूटपट्टी घेऊन भगवंतरावाच्या खोलीत गेले. त्यानं पाहिलं, मोजलं, शीळ घातली.

"अक्का, हे तर माझ्याही लक्षात यायला हवं होतं. यंत्रं मीच उतरवून घेतली."

"तुझा प्रश्न नंतर. तिला परत बोलाव."

"पत्र गेलंय. मालकांची सही आहे. आठवड्याभरात दुसरी मुलगी येतेय."

"तिला येऊ नको म्हणून सांग."

"कारण काय देऊ?"

"माझं मत चुकीचं होतं, हे कारण."

त्यानं खुर्ची मागे सरकवली. हळू आवाजात म्हणाला, "अक्का, मल्हारराव विचारतील, एवढी वर्षं विभाग सांभाळलेल्या बाईंना दोन मशीनमधला फरक कळला नाही? मग त्यांना कशाला ठेवलंय? मी तुम्हाला किती मिनतवारीनं आणलंय. घरी बसून तुमचं... व्यंकोजीकाका म्हणाले होते..." आणि तो थांबला.

"काय म्हणाले होते व्यंकोजीकाका?"

"काही नाही."

मी त्याच्या टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्यानं लिहिलं. दोष मशीनच्या मापाचा, तो न ओळखण्याचा दोष माझा, मुलीचा काहीही नाही. सही केली. यल्लव्वाचा पत्ता मागितला. त्यानं निमूट दिला.

घरी येऊन व्यंकोजीला विचारलं, भगवंतरावाला काय सांगितलं होतंस? तो म्हणाला, "सांगितलं होतं की माझी बहीण घरात बसून वाळत चाललीय, तिला रागवायला कुणीतरी दे." आणि पेपर तोंडासमोर धरला. या माणसाला कशाचंच गांभीर्य नाही.

१४ जुलै, रविवार

चिकपेट. गल्ली एवढी अरुंद की जटकेवाल्यानं घोडागाडीतून कोपऱ्यावरच उतरवलं. कापडाच्या दुकानावरची खोली. दारात ट्रंक, तिच्यावर एक गृहस्थ बसलेले, पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. मामाच. कालच्या गाडीनं आले होते. मला पाहून उठले आणि ट्रंकच बसायला दिली.

यल्लव्वा आतून आली. मी तिला सगळं सांगितलं: मशीन, स्पेस, पट्टी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला माझी दया आली हाय."

"मी आयुष्यात कुणाची दया केलेली नाही. माझ्या भावाला विचार."

"मग एवढ्या लांब का आलासा?"

"मशीन चुकीचं आहे म्हणून."

"मशीन कधी चुकतंय काय, बाई? माणूस चुकतंय. मला लहानपणापासून हिशोब येत न्हाई. मामांना विचारा."

मामा घसा खाकरून म्हणाले, "न्हाई बा. हिशोब चांगलाच यायचा. बाजारात मलाच फसू द्यायची न्हाई."

ती त्यांच्याकडेही पाहिना. त्या मुलीच्या डोक्यातून मी पाचाचा आकडा काढून टाकला होता आणि आता तो माझ्या सांगण्यानं परत जात नव्हता. दोन ओळी दाखवल्या, तिनं पाहिल्याच नाहीत. मी मारल्या होत्या ना. माझी बोटं काय, चांगलीच असणार.

शेवटी मामा म्हणाले, "गाडी उद्या रात्री हाय. सकाळी जाऊन बघून येऊ या की. मलाबी पंपाचा कारखाना बघायचाय."

१५ जुलै, सोमवार

मामा नवं धोतर नेसून आले. भगवंतराव दारात उभा राहिला. बाकीच्या दोघींनी मशीन थांबवली.

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. माझ्या मशीनवर आजवर कुणी बसलेलं नाही. ती कडेला टेकून बसली, खुर्ची तापलेली असल्यासारखी.

"पाच."

तिनं बोटं मिटली. टेबलाखाली नाही, वरच. पाच मारले. एक अक्षर. पुन्हा पाच. पुन्हा पाच. कागद तिनंच काढला, खिडकीशी गेली, माझा नमुना काचेला लावला आणि त्यावर आपला कागद धरला.

ती तशीच उभी होती, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं रडतेय. मी म्हणणार होते की रडायचं काही कारण नाही.

ती वळली ती रडत नव्हती.

"मला सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजायला लावलासा तुम्ही!" आवाज एवढा मोठा की सायक्लोस्टाइलवर प्रती काढणारा माणूस डोकावून गेला. "दिसभर! लहान पोरासारखं! एकदा, बाई, एकदा माझ्या मशीनवर बसून बघायचं होतं. एक मिनिट! मी विचारलो न्हवतो? शब्द जास्ती का मावतात म्हणून विचारलो न्हवतो? चोर म्हटलासा मला! मी घरी जाऊन जोंधळे मोजत बसायचो, पाच-पाच! मावशी म्हणाली, पोरगी खुळी झाली!"

"यल्ला," मामा म्हणाले, "थोरामोठ्यांना असं..."

"तुम्ही गप बसा, मामा!"

मामा गप बसले. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही काहीतरी कळलं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि भगवंतरावाला म्हणाले, "साहेब, ते पंप कुठं बनवतासा, दाखवा की." दोघे निघून गेले.

माझ्यावर असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. सिस्टर ओरडायच्या नाहीत, त्या नुसत्या बघायच्या. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो."



१६ जुलै, मंगळवार

मल्हाररावांनी माझा कागद वाचला, नव्या मुलीला नको म्हणून कळवलं आणि यल्लव्वाची नोकरी पक्की केली. मला हे पुस्तक पुरं होईपर्यंतच ठेवणार आहेत. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

चिठ्ठी बदलली. स्पेस खोडून मापं लिहिली: मोठ्या पुस्तकाला अर्धा इंच, लहानाला पाव इंचाहून जरा जास्त. प्रत्येकीनं आपापल्या मशीनवर पट्टी धरून टॅब लावायचा. भगवंतराव म्हणाला, "म्हणजे माझे तीनच झाले की!" मी म्हटलं, "इतर मशीनवर तीन. जर्मन मशीनवर किती, ते ती सांगेल."

मामा काल रात्रीच्या गाडीनं एकटे गेले. जाताना यल्लव्वाच्या हातावर चिरोट्यांचा पुडा ठेवला आणि भगवंतरावाला म्हणाले, पंप चांगले आहेत, फार आवाज करतात.

यल्लव्वानं मात्र परत यायला एक अट घातली. भगवंतरावामार्फत, माझ्याशी थेट बोलून नाही. बाईंनी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहायचं नाही. काम तपासायचं ते झाल्यावर, त्यांच्या टेबलावर. मी चालेल म्हणून कळवलं.

१८ जुलै, गुरुवार

दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले. खुर्ची मीच तशी फिरवून घेतली, म्हणजे चुकूनही नजर जायला नको. जर्मन मशीनचा आवाज इतरांपेक्षा कोरडा आहे, ओळखू येतो. सकाळी अडखळत होता. अकराच्या सुमारास सरळ लागला. दुपारी एकदा मध्येच थांबला, बराच वेळ. कागद अडकला असेल, रिबन उलटली असेल, काहीही असेल. वळले नाही. मग पुन्हा सुरू झाला, आणि पाच वाजेपर्यंत थांबला नाही.

मान आखडली आहे. व्यंकोजी तेल चोळून देईल, पण त्याला सांगणार नाही. कशानं म्हणून विचारेल.